गारठलेल्या शरीराला आतून ऊब देण्याची पद्धत आली कुठून?

ग्वाल्हेरला पौष-माघात पारा तीन-चार अंशांवर उतरला की लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत सिगड्या बाहेर निघतात. गारठलेल्या माणसाला सिगडीशेजारी बसवायचं, हातपाय चोळायचे, हा घरोघरचा उपाय. साध्या हुडहुडीला तो चालतो. शरीराच्या आतलं तापमान २८ अंशांखाली गेलं असेल, तर मात्र तोच जिवावर बेतू शकतो.

ही नोंद जुनी आहे. १८१२ मध्ये मॉस्कोहून माघार घेताना नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद लारे याने पाहिलं, की शेकोटीला खेटून बसलेले गारठलेले सैनिकच दगावत होते. कातडी तापली की तिथल्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्तदाब ढासळतो, हातापायांतलं थंडगार रक्त हृदयाकडे वळतं. इतक्या थंड हृदयाचं काही खरं नसतं. रोग्याला जरा गदागदा हलवलं तरी त्याची लय बिघडते.

मग ऊब आत पोचवायची कशी? शिरेतून कोमट सलाईन, हे सहज सुचतं. पण हिशेब केला तर ४२ अंशांचं लिटरभर सलाईन ७० किलोच्या माणसाला जेमतेम पाव अंश वर नेतं. उबदार, दमट प्राणवायूही तसाच तोकडा. पोटाच्या पोकळीत कोमट द्रव सोडून काढून घेण्याची युक्ती डायलिसिसवरून आली. ती बरी, तरी संथच.

खरा तोडगा मिळाला तो हृदयाच्या ऑपरेशन थिएटरात, आणि तिथे तर रोग्याला मुद्दाम गार करणं चाललं होतं! थंड मेंदूला प्राणवायू कमी लागतो, त्यामुळे रक्तपुरवठा थोडा वेळ थांबला तरी तो तग धरतो, म्हणून टोरांटोचे विल्फ्रेड बिगेलो १९५० च्या सुमारास त्या खटपटीत होते. १९५२ मध्ये मिनेसोटात जॉन लुइस यांनी पाच वर्षांच्या मुलीला गार करून तिचं हृदय उघडलं. पुढच्याच वर्षी गिबन यांचं हार्ट-लंग मशीन, म्हणजे ऑपरेशनपुरतं हृदय-फुप्फुसांचं काम शरीराबाहेर करणारं यंत्र, आलं. यथावकाश त्याला बाहेर घेतलेलं रक्त हवं तसं थंड-गरम करणारं उपकरण जोडलं गेलं. १९६७ मध्ये ब्रिटन आणि स्वीडनच्या डॉक्टरांनी अपघाताने गारठलेल्या रोग्यांवर हेच तंत्र वापरल्याचे अहवाल छापले. आपलं ग्वाल्हेरचं गजरा राजा मेडिकल कॉलेज तेव्हा एकवीस वर्षांचं होतं.

१९९९ मध्ये नॉर्वेत बर्फाखाली अडकलेली आन्ना बोगेनहोल्म १३.७ अंशांवरून अशीच परत आली. हृदय थांबलेल्या गारठलेल्या रोग्याला आता, सोय असेल तिथे, एक्मोवर, म्हणजे रक्त बाहेर घेऊन त्यात प्राणवायू मिसळून परत सोडणाऱ्या यंत्रावर, घेतात.