बोललेली चाल पटाला कळते कशी?

आवाजावर चालणारा पटखेळ बांधायला आज मायक्रोकंट्रोलर (उपकरण चालवणारी छोटी संगणक-चिप), डिजिटल मायक्रोफोन आणि घरांखाली एलईडी एवढं सामान पुरतं. पण या खेळाचं खरं मर्म सामानात नाही. यंत्राला कमीत कमी शब्द ऐकावे लागतील अशी सोय करणं, हे ते मर्म. ते फार जुनं आहे.

पटाची बाजू आधी सुटली. स्पेनच्या लिओनार्दो तोरेस केवेदो यांनी १९१२ साली ‘एल आहेद्रेसिस्ता’ हे यंत्र बांधलं. यंत्राकडे राजा आणि हत्ती, माणसाकडे एकटा राजा. बुद्धिबळाचा एवढाच शेवट, म्हणून नुसत्या विजेच्या जोडण्यांवर चाल ठरवता आली. १९२० च्या दुसऱ्या यंत्रात मोहरे पटाखालच्या चुंबकांनी सरकू लागले. मोहरे आपोआप हलवणारे आजचे पटही हेच करतात.

कानाची सुरुवात एका खेळण्याने झाली. १९२० च्या दशकात मिळणारा ‘रेडिओ रेक्स’ हा सेल्युलॉइडचा कुत्रा विद्युतचुंबकाने त्याच्या छोट्या घरात धरून ठेवलेला असे. ‘रेक्स’ म्हणताना मधल्या ‘ए’ स्वरात ५०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५०० कंपनांच्या, आसपास जोर असतो. त्या कंपनाने वीज तुटायची, चुंबक सुटायचा आणि स्प्रिंग कुत्र्याला बाहेर ढकलायची. अर्थात, तसाच स्वर असलेल्या दुसऱ्या शब्दालाही तो धावून येई. पुढे अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधनसंस्थेच्या ‘ऑड्री’ यंत्राने १९५२ मध्ये दहा अंक ओळखले, तेही एकेका माणसाच्या आवाजाशी जुळवून घेतल्यावर. आयबीएमचा ‘शूबॉक्स’ १९६२ पर्यंत १६ शब्दांवर पोचला.

पट आणि कान यांची गाठ पडली ती अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात. संगणकशास्त्रज्ञ राज रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘हिअरसे’ ही प्रणाली बोलून खेळायच्या बुद्धिबळावर चालवली. या क्षणी कोणत्या चाली नियमात बसतात, हे बुद्धिबळाचा प्रोग्राम सांगे आणि ऐकलेलं वाक्य त्या चालींशी ताडून पाहिलं जाई. खेळाचे नियमच कानाला मदत करत होते. या विषयातली ही सगळ्यात मोलाची कल्पना आहे, आणि छोट्या चिपवर तर ती आणखी उपयोगी पडते.

छोट्या चिपची अडचण मेमरीची. सेकंदाला आवाजाचे १६,००० नमुने (मोजमापं), प्रत्येक २ बाइटचा, म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाला ३२,००० बाइट लागतात. जुन्या आर्डुइनो ऊनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाची रॅम (कामाची मेमरी) २,०४८ बाइट. त्यामुळे तिथे ओळखण्याचं काम वेगळ्या मॉड्यूलवर सोपवावं लागे. एलेकहाउस कंपनीचं व्ही३ हे आवाज ओळखणारं मॉड्यूल ८० शब्द साठवतं, पण एका वेळी ऐकतं फक्त ७. फुल्ली-गोळ्यात ३ ओळी, ३ स्तंभ आणि ‘रद्द’ असे बरोबर ७ शब्द होतात. बुद्धिबळाचे ८ स्तंभ मात्र त्यात मावत नाहीत, ते दोन गटांत चढवावे लागतात.

२०१७ मध्ये गूगलने ३० शब्दांच्या, एकेका सेकंदाच्या सुमारे ६५,००० ध्वनिफिती शब्द ओळखणारी मॉडेल्स शिकवायला खुल्या केल्या. २०१९ मध्ये अशी मॉडेल्स छोट्या चिपवर चालवणारं गूगलचं सॉफ्टवेअर, मायक्रोकंट्रोलरसाठीचं टेन्सरफ्लो लाइट, आलं. त्याच्या उदाहरणादाखल दिलेल्या प्रोग्राममध्ये आवाजाचा ३० मिलिसेकंदांचा तुकडा दर २० मिलिसेकंदांनी पुढे सरकतो. सेकंदाचे ४९ तुकडे, प्रत्येकात वेगवेगळ्या कंपनांचा जोर सांगणारे एकेका बाइटचे ४० आकडे, मिळून १,९६० बाइट. एवढ्यावर सुमारे १८ किलोबाइटचं मॉडेल निर्णय देतं.

सारख्या स्वरांचे शब्द निवडण्याची चूक मात्र रेक्सच्या काळासारखीच राहिली. बुद्धिबळाच्या स्तंभांची इंग्रजी नावं घेतली तर बी, सी, डी, ई, जी या सगळ्यांचा शेवट ‘ई’वर होतो आणि मॉडेल गोंधळतं. विमानवाहतुकीत १९५६ पासून अक्षरांऐवजी अल्फा, ब्राव्हो, चार्ली म्हणतात, तेही अक्षरं ऐकताना गफलत होते म्हणूनच. मराठी अंकांत ‘सात’ आणि ‘आठ’ ही जोडी त्रास देते: दोन्हींत लांब ‘आ’, फरक मुख्यतः ‘स’चा. ‘स’चा बराचसा जोर ४,००० हर्ट्झच्या वर असतो. मेमरी वाचवायला सेकंदाला ८,००० नमुने घेतले, तर नमुन्यांच्या निम्म्या, म्हणजे ४,००० हर्ट्झपर्यंतचाच आवाज टिकतो आणि नेमका तोच भाग कापला जातो. इथे काटकसर करू नये.

तरीही शंका उरली तर नियमांकडे वळायचं. फुल्ली-गोळ्याची घरं १ ते ९ धरली आणि मॉडेलने खात्रीचे आकडे ‘सात’ला ०.४८, ‘आठ’ला ०.४१ दिले, सातवं घर आधीच भरलेलं असेल, तर चाल आठव्या घरातच. मात्र मोकळ्या घरांपैकी सर्वांत वरचा आकडाही ०.३ च्या खाली असेल, तर अंदाज न बांधता पुन्हा विचारावं. ही मर्यादा आपापल्या मॉडेलवर तपासून ठरवायची. चाल झाल्यावर बझर वाजत असेल, तर तो थांबल्यावर पूर्ण एक सेकंद काहीच ओळखायचं नाही, कारण मॉडेल दर वेळी मागच्या एका सेकंदाचा आवाज पाहतं आणि तोवर त्यात बझरचा आवाज असतो.