रिकामा सिलिंडर आणि कमरेचं शिसं

बोटीच्या फळीवर दोन सिलिंडर शेजारी शेजारी ठेवले आहेत, एक ॲल्युमिनियमचा आणि एक पोलादी. दोन्ही रिकामे. डोळे मिटून एकेक उचला. दोन्ही साधारण 14 किलोचे, हाताला फरक कळणार नाही. आता झडपा घट्ट बंद करून दोन्ही समुद्रात सोडा. पोलादी सरळ तळाकडे निघतो. ॲल्युमिनियमचा मात्र बूड वर करून तरंगत राहतो.

हातात सारख्याच जड लागणाऱ्या दोन वस्तू पाण्यात इतक्या वेगळ्या का वागतात? याचं उत्तर नीट समजलं, की स्कूबा डायव्हरने कमरेला किती शिसं बांधायचं हा प्रश्न बराचसा सुटतो.

ॲल्युमिनियम पोलादापेक्षा हलकं खरं, पण तेवढं मजबूतही नाही. 200 बारचा दाब, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या सुमारे दोनशेपट, सोसायचा तर त्याची भिंत जाड करावी लागते. भारतात डायव्हिंगला सर्रास वापरतात तो ‘ॲल्युमिनियम 80’ सिलिंडर घेऊ. आत 11.1 लिटर जागा आणि 14.2 किलो धातू. ॲल्युमिनियमची घनता 2.7, म्हणून धातूच सव्वापाच लिटर जागा व्यापतो. एकूण आकारमान झालं साधारण 16.4 लिटर. म्हणजे सिलिंडर तेवढं समुद्राचं पाणी बाजूला सारतो आणि त्या पाण्याचं वजन भरतं 16.8 किलो. त्यातून धातूचे 14.2 आणि झडपेचा पाऊण किलो वजा करा. उरलेले 1.9 किलो सिलिंडरला वर ढकलत राहतात. आर्किमिडीजचं तत्त्व आपण नववीच्या पुस्तकात वाचलं होतं, ते हेच.

12 लिटरच्या पोलादी सिलिंडरचा हिशेब असाच मांडा. तेवढ्याच वजनाचं पोलाद पावणेदोन लिटरांतच मावतं. पाणी कमी सरतं, आणि रिकामा सिलिंडरही अर्धा-पाऊण किलोने खाली ओढतो. दोघांत फरक पडला जवळजवळ अडीच किलोंचा.

हे झालं रिकाम्या सिलिंडरचं. भरलेल्यात हवा असते आणि हवेला वजन असतं. एक लिटर हवा जेमतेम 1.2 ग्रॅम, त्यामुळे एरवी कोणी तिचं वजन मोजत नाही. पण 11 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बारने 2,200 लिटर हवा कोंबलेली असते, आणि ती भरते 2.6 किलो. पाण्यात उडी मारताना ॲल्युमिनियमचा सिलिंडर पाऊण किलोने खाली ओढत असतो. तुम्ही श्वास घेत जाता, सोडलेली हवा बुडबुड्यांतून निघून जाते, आणि 50 बार उरतात तोवर तोच सिलिंडर सव्वा किलोने वर ओढायला लागलेला असतो. तासाभरात तुमच्या पाठीवरून दोन किलो कमी झाले, आणि तुम्हाला पत्ताही नाही.

पत्ता लागतो तो शेवटी. माझ्या सुरुवातीच्या एका डायव्हमध्ये, अंदमानात, वर येण्याआधी 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं होतं. शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून हा थांबा घेतात. तरंगणं सांभाळायला हवा भरता-सोडता येणारं जॅकेट अंगात असतं, त्यातली सगळी हवा मी सोडून दिली होती. तरी पाठीमागून कोणी काखेत हात घालून उचलावं तसा सिलिंडर मला वर नेत होता. पायाखाली धरायला काही नाही, वर बोटीची सावली. सोबतच्या मार्गदर्शकाने माझा पट्टा धरला आणि खिशातलं एक किलो शिसं काढून माझ्या खिशात टाकलं. क्षणात मी स्थिर झालो. पाण्यात उतरताना माझं शिशाचं वजन अगदी बरोबर वाटलं होतं, पण ते भरलेल्या सिलिंडरसाठी बरोबर होतं.

म्हणून वजन ठरवायचं ते डायव्हच्या अखेरीसाठी. शक्यतो सिलिंडरमध्ये 50 बारच्या आसपास हवा उरली असताना, जॅकेट पूर्ण रिकामं करून, साधा श्वास आत घेऊन, उभं आणि निश्चल राहायचं. पाण्याची रेघ डोळ्यांपाशी यायला हवी, आणि श्वास सोडला की हळूहळू खाली जायला हवं. भरलेल्या सिलिंडरने तपासत असाल तर खर्च होणाऱ्या हवेचे दोन किलो वरून मिळवा.

मग चार किलो जास्तच बांधले तर काय बिघडलं, असं नवख्यांना वाटतं. बिघडतं, आणि मला वाटतं नव्या डायव्हरची सर्वांत महागडी चूक हीच आहे. तीन किलो जादा शिसं तोलायला जॅकेटमध्ये जवळजवळ तीन लिटर हवा भरावी लागते. 20 मीटरवर दाब 3 बार असतो, 10 मीटरवर 2 बार. 20 वरून 10 वर येताना त्या तीन लिटरांचे साडेचार होतात, आणि दीड किलोची ओढ आपसूक वर लागते. हवा सोडायला उशीर झाला तर वेग वाढत जातो. शिवाय कमरेचं ओझं पाय खाली खेचतं, शरीर तिरकं होतं, पायांत घातलेले वल्ह्यासारखे फिन प्रवाळावर आपटतात आणि दम लवकर लागतो. प्रवाळाची ती फांदी वाढायला वर्षं लागलेली असतात.

सूटचा हिशेबही यातच येतो. 3 मिलिमीटरचा निओप्रीन सूट, म्हणजे आत बुडबुडे असलेल्या रबराचा, बुडवायला पृष्ठभागाजवळ दोन-तीन किलो लागतात. खोल गेल्यावर त्यातले बुडबुडे दाबले जातात आणि सूटची वर ओढण्याची ताकद कमी होते. खारं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड. सामानासकट 100 किलो भरणाऱ्या माणसाला समुद्रातून तलावात जाताना अडीच किलो शिसं कमी करावं लागतं.

दोन सिलिंडर पाठीवर आले की गणित गंभीर होतं. 12 लिटरचे दोन पोलादी सिलिंडर म्हणजे पावणेसहा किलो हवा. त्यात रिकाम्या पोलादाची ओढ, जोडनळी, पट्ट्या, सिलिंडर अडकवायची पोलादी पाठफळी, असं मिळून सुरुवातीला दहा-अकरा किलो खाली ओढत असतात. पातळ सूटमध्ये मग वेगळं शिसं बांधावंच लागत नाही, आणि खोलवर जॅकेटला भोक पडलं, तर टाकून द्यायला कमरेला काहीच नसतं. म्हणून गरम पाण्यात जाणकार डायव्हर दोन ॲल्युमिनियमचे घेतात. मग गरजेचं शिसं वेगळं बांधावं लागतं, आणि संकटात ते सोडून देता येतं.

मेक्सिकोच्या युकातान भागात पाण्याने भरलेल्या चुनखडीच्या गुहा आहेत. तिथे बरेच जण सिलिंडर पाठीवर न घेता दोन्ही बगलांना लावतात, तेही ॲल्युमिनियमचे. हवा संपत येते तसं सिलिंडरचं बूड वर उचलू लागतं. डायव्हर न थांबता हात मागे नेतो, बुडाकडचा हूक कमरेच्या मागच्या कडीतून काढून पुढच्या कडीत अडकवतो. सिलिंडर पुन्हा अंगाला समांतर होतो. गुहेच्या तळाचा गाळ हललेला नसतो, आणि परतीची वाट दाखवणारी दोरी स्वच्छ दिसत असते.