औषधाच्या बाटलीतून निघालेली नशा

जर्मनीतल्या पाडरबोर्न इथल्या एका औषधालयात फ्रीडरिश झेर्ट्युर्नर नावाचा विशीतला मदतनीस काम करत होता. अफू त्याच्या रोजच्या हाताखालची. खसखशीच्या हिरव्या बोंडाला बारीक चिरा पाडायच्या, पांढरा चीक पाझरू द्यायचा, वाळून तपकिरी झाला की खरवडून घ्यायचा; झाली अफू. अडचण अशी की एका वेळची अफू कडक निघे, तर दुसऱ्या वेळची मिळमिळीत. तेवढ्याच मात्रेने एका रोग्याचं दुखणं थांबत नसे आणि दुसरा झोपेतून उठतच नसे. १८०४-०५च्या सुमारास या पोराने अफूतून स्फटिक वेगळे काढले. ग्रीकांच्या स्वप्नदेवतेच्या नावावरून त्याला पुढे मॉर्फीन हे नाव मिळालं. पुढे त्याने ते स्वतः घेतलं आणि तीन तरुण मुलांनाही दिलं, थोड्या थोड्या वेळाने तीनदा. सगळ्यांची शुद्ध हरपायची वेळ आली, तेव्हा कडक व्हिनेगर पिऊन ओकाऱ्या काढाव्या लागल्या.

आज 'ड्रग्ज' म्हणून ज्यांची नावं घेतली जातात, त्यातल्या बऱ्याच पदार्थांचा प्रवास असाच कुठल्यातरी औषधालयात किंवा प्रयोगशाळेत सुरू झाला. हे नीट लक्षात घेतल्याशिवाय त्यांचे धोके कळत नाहीत आणि कायदाही कळत नाही.

मॉर्फीनमुळे वेदनाशामक पहिल्यांदा तोलून देता येऊ लागलं. वैद्यकाला केवढी मोठी देणगी होती ती! १८५३च्या सुमारास इंजेक्शनची सुई आली. औषध पोटातून न जाता थेट अंगात गेलं तर त्याची चटक लागणार नाही, असं अनेक डॉक्टरांना मनापासून वाटत होतं. झालं उलटंच. पदार्थ जितक्या झटक्यात मेंदूपर्यंत पोचतो, तितकी त्याची ओढ घट्ट बसते. दक्षिण अमेरिकेतल्या कोका झुडपाची पानं चघळणं आणि कोकेनची पूड नाकाने ओढणं, अफूची गोळी गिळणं आणि हेरॉइन शिरेत टोचणं, यांत मूळ वनस्पती तीच असते. फरक पडतो तो अर्क किती कडक आणि वाट कोणती यामुळे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

कोकेन १८६०च्या सुमारास ग्यॉटिंगनमध्ये आल्बर्ट नीमन याने वेगळं केलं. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर याने त्याचे थेंब टाकून डोळा बधिर करता येतो हे दाखवलं. तोवर डोळ्याची शस्त्रक्रिया रोग्याला बहुतेकदा जागेपणी, बधिर न करताच सोसावी लागे. त्याच वर्षी त्याच शहरात पुढे मनोविश्लेषणाचा जनक ठरलेला तरुण सिग्मंड फ्रॉइड कोकेनवर भारावून लिहीत होता. त्याचा मित्र अर्न्स्ट फॉन फ्लाइश्ल-मार्क्सोव याला अंगठा कापावा लागल्यानंतरच्या असह्य वेदनांपायी मॉर्फीनचं व्यसन जडलं होतं. उतारा म्हणून फ्रॉइडने त्याला कोकेन दिलं. थोड्याच काळात तो दोन्हींत अडकला आणि १८९१ साली गेला. एका नशेवर दुसरी नशा उतारा म्हणून द्यायची, ही चूक पुढे अनेकदा झाली. १८९८ साली बायर या जर्मन औषध कंपनीने मॉर्फीनपासून बनवलेलं हेरॉइन बाजारात आणलं ते खोकल्याचं औषध म्हणून, आणि मॉर्फीनपेक्षा निर्धोक म्हणून. बोलीभाषेत ज्याला गर्द म्हणतात, ते याच हेरॉइनचं भेसळीचं रूप.

मेंदूतल्या ज्या केंद्रांवर बसून अफूवर्गीय पदार्थ वेदना दाबतात, तशीच केंद्रं श्वासाची लय सांभाळणाऱ्या भागातही असतात. म्हणून जास्त मात्रेने माणूस मरतो तो श्वास मंदावून. शरीराला सवय होत जाते, मग तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते. महिना-दोन महिने तुरुंगात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात काढले की ती सवय उतरते, ओढ मात्र तशीच राहते. बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मात्रेला हात घालतो, आणि तीच जीव घेते. सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात, हे घरच्यांना कुणीतरी आधी सांगायला हवं.

उत्तेजकांची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८९३ साली मेथॅम्फेटामीन बनवलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांना ते 'पेर्व्हिटिन' या नावाने मिळे, आणि जपानमध्ये 'हिरोपोन' या नावाने ते सैनिकांना आणि कारखान्यातल्या कामगारांनाही दिलं गेलं. युद्ध संपलं, उरलेला साठा बाजारात आला, व्यसनाची लाट उसळली आणि १९५१ साली जपानला खास कायदा करावा लागला. या पदार्थांनी झोप आणि भूक मरते, हृदयावर ताण येतो आणि दिवसचे दिवस जागं राहिलेल्या माणसाला संशयाचे झटके येतात. भास घडवणारं एलएसडी १९३८ साली बासेलच्या सँडोझ प्रयोगशाळेत आल्बर्ट हॉफमनने बनवलं. त्याचा परिणाम त्याला १९४३ साली स्वतःवरच कळला. 'एक्स्टसी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एमडीएमएवर तर मर्क कंपनीने १९१२ सालीच पेटंटचा अर्ज केला होता.

कायद्याचं मूळ व्यापारात आहे. ब्रिटिशांनी बंगालची अफू चीनमध्ये ओतली. १८३९ साली लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या, त्यावरून युद्ध पेटलं आणि हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेलं. पुढच्या पिढ्यांत याविरुद्ध लोकमत तयार झालं. १९०९ साली शांघायला आंतरराष्ट्रीय आयोग बसला आणि १९१२ साली हेगला पहिला करार झाला. संयुक्त राष्ट्रांच्या १९६१च्या एकल कराराने अफू, कोका आणि गांजा यांचा वापर औषध आणि संशोधनापुरता मर्यादित केला. १९७१च्या कराराने एलएसडी आणि अ‍ॅम्फेटामीनसारखे पदार्थ कक्षेत घेतले आणि १९८८च्या कराराने तस्करीवर बोट ठेवलं. बहुतेक देशांचे आजचे कायदे या तीन करारांवर उभे आहेत.

पण रेषा ओढताना प्रत्येक वेळी अपायच मोजला गेला असं नाही. गांजाचंच बघा. १८९३-९४ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात नेमलेल्या आयोगाने हजाराहून अधिक साक्षी तपासल्या आणि बेताच्या सेवनाने फारसा अपाय दिसत नाही, सरसकट बंदी नको, असं मत दिलं. तरी १९२५ साली जिनिव्हात इजिप्तच्या आग्रहावरून गांजा आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आला आणि १९६१ साली हेरॉइनसोबत सगळ्यात कडक यादीत जाऊन बसला. त्या यादीतून तो बाहेर आला डिसेंबर २०२० मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात २७ विरुद्ध २५ मतांनी. मध्यंतरी उरुग्वेने २०१३ साली आणि कॅनडाने २०१८ साली तो कायदेशीर केला होता. याचा अर्थ गांजा निर्धोक आहे असा नाही. किशोरवयात रोज ओढणाऱ्यांना, विशेषतः आजच्या कडक वाणांमुळे, मनोविकाराचा धोका वाढतो.

दारू आणि तंबाखू या तिन्ही करारांच्या बाहेरच राहिल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार तंबाखूमुळे वर्षाला ७० लाखांहून अधिक माणसं मरतात. २०१९ साली दारूने २६ लाख माणसं गेली, तर इतर सगळ्या नशांनी मिळून सुमारे ६ लाख. कायद्याने चालतं म्हणजे जपून घेतलं तर चालतं, असा समज त्यामुळे फार खोल रुजला आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली तर फिट्स येऊन जीव जाऊ शकतो, हे अनेक घरांत माहीतच नसतं. ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडायची असते. आणि दारूसोबत झोपेच्या किंवा अफूवर्गीय गोळ्या घेतल्या, तर दोन्ही मिळून श्वास दाबतात.

पोर्तुगालने २००१ साली वेगळा मार्ग धरला. दहा दिवसांच्या वापराइतका साठा जवळ असणं हा गुन्हा राहिला नाही. अशा माणसाला कोर्टाऐवजी समितीपुढे नेतात आणि उपचारांकडे वळवायला बघतात. विक्री आणि तस्करी तिथेही गुन्हाच आहे.

अधिकाधिक कडक पदार्थ बनवण्याचा सिलसिला पुढे चालूच राहिला. बेल्जियमच्या पॉल यान्सेनने १९६०च्या आसपास फेंटॅनिल हे वेदनाशामक बनवलं, मॉर्फीनपेक्षा पन्नास ते शंभर पट कडक. शस्त्रक्रियेत ते अजूनही अनमोल आहे. बेकायदा बाजारात मात्र ते हेरॉइनमध्ये आणि नकली गोळ्यांत मिसळलं जातं, आणि नुसत्या नजरेने ते ओळखता येत नाही. झेर्ट्युर्नरने सोडवलेली अडचण घेणाऱ्यापुढे पुन्हा उभी आहे: आज हातात आलंय ते किती कडक?

त्याच सुमारास, १९६१ साली, नॅलोक्सोन या अफूवर्गीय पदार्थांवरच्या उताऱ्याचं पेटंट नोंदवलं गेलं. अफूवर्गीय पदार्थाची मात्रा जास्त झालेला माणूस ओळखता येतो: ओठ आणि नखं निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, घशात घरघर, आणि श्वास मोजायला गेलं तर दोन श्वासांमधलं अंतर संपता संपत नाही. नॅलोक्सोनचा फवारा नाकात गेला की ते मेंदूतल्या त्या केंद्रांवरून नशेला हुसकावतं आणि दोन-तीन मिनिटांत श्वास परततो. दारू किंवा कोकेनवर त्याचा उपयोग नाही. त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, नशा मात्र अंगात त्याहून जास्त वेळ टिकू शकते. म्हणून आधी रुग्णवाहिका बोलवायची, माणसाला कुशीवर वळवायचं, आणि तो उठून बसला, "मी बरा आहे, जातो" म्हणाला, तरी त्याला एकट्याला सोडायचं नाही.