दांते मुलांना सांगायचा, तर सुरुवात कुठून?

इटालियन कवी दांते अलिगिएरीला १३०२ साली त्याच्या गावातून, फ्लोरेन्समधून हद्दपार केलं आणि सापडलास तर जिवंत जाळू, अशी शिक्षा ठोठावली. तो पुन्हा गावात आलाच नाही. १३२१मध्ये राव्हेन्नाला वारला, तोवर १०० सर्गांची, १४,२३३ ओळींची ‘कॉमेडिया’ ही काव्यकथा त्याने पुरी केली होती. (‘डिव्हाइन कॉमेडी’ या नावातलं ‘दिव्य’ १५५५च्या व्हेनिसच्या आवृत्तीत चिकटलं.) मेल्यानंतरच्या तीन लोकांची ही सफर, प्रवासी खुद्द दांते आणि वाटाड्या प्राचीन रोमचा कवी व्हर्जिल: नरक, मग पापं झडण्याचा डोंगर म्हणजे पर्गेटरी, आणि शेवटी स्वर्ग. पंडितांची लॅटिन सोडून त्याने हे तिकडच्या बोलीत लिहिलं. आपली ज्ञानेश्वरी १२९०ची, म्हणजे साधारण एकाच पिढीतल्या या घडामोडी.

ज्या फ्लोरेन्सने त्याला हाकललं, त्याच गावाने १३७३ साली लेखक बोकाच्चिओला पैसे देऊन चर्चमध्ये दांतेवर जाहीर प्रवचनं करायला बसवलं. पुराणिक लावावा तसा! या काव्याची एक मध्ययुगीन हस्तलिखित प्रत मुंबईत, एशियाटिक सोसायटीत आहे.

इंग्रजीत मुलांचा नंबर लागला तो थेट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. १८८७ साली लंडनमध्ये रोज सेल्फ यांचं पुस्तक आलं. रविवारी मुलांना वाचून दाखवण्यासाठी लिहिलेलं. त्यांनी नरकाला बगल देऊन डोंगर घेतला. पुढच्या दशकात शिकागोतल्या बालवाडी चळवळीतल्या एलिझाबेथ हॅरिसन यांनी लहानग्यांसाठी गोष्ट लिहिली, सोबत त्यांच्या आयांसाठी चार शब्द जोडले.

सेल्फबाईंची निवड मला अजूनही पटते. डोंगराच्या दारात देवदूत तलवारीच्या टोकाने दांतेच्या कपाळावर सात वेळा ‘पी’ कोरतो (लॅटिनमध्ये पाप म्हणजे ‘पेक्कातुम’), एकेका पापाचा एक. एक टप्पा चढला की एक अक्षर पुसलं जातं. पहिलं गेल्यावर दांते व्हर्जिलला विचारतो, माझ्या अंगावरून कसलं ओझं उतरलं, की चालताना थकवाच जाणवत नाही? आणि खाली खडकाच्या सावलीत गुडघ्यांना मिठी मारून, मान त्यांत खुपसून बसलेला त्याचा आळशी मित्र बेलाक्वा तर कुठल्याही वर्गात सापडेल. मान पुरती वर न करता तो म्हणतो, तू जा बाबा वर, तू मोठा शूर.

नरकाचं काम अवघड. तीन तोंडांच्या सर्बेरस कुत्र्याच्या घशात व्हर्जिल मूठमूठ माती फेकतो, हे मुलांना आवडेलच. तळाशी सैतान आगीत नाही, बर्फात रुतलेला, हेही त्यांना चक्रावून टाकेल. पण त्याच बर्फात सरदार उगोलिनो भेटतो. कोंडलेल्या मनोऱ्यात त्याची मुलं त्याच्या डोळ्यांदेखत उपाशी मरतात. हे आठ वर्षांच्या पोराला कसं सांगायचं?

इटलीने ही कोंडी हसण्यावारी नेली. १९४९-५०मध्ये ‘टोपोलिनो’ या तिकडच्या मिकी माऊसच्या मासिकात ‘मिकीचा नरक’ क्रमशः आला. मिकी झाला दांते, गूफी झाला व्हर्जिल. गुइदो मार्तिनाने चित्रांखालचा मजकूर चक्क दांतेच्याच तीन-तीन ओळींच्या, एकात एक गुंफलेल्या यमकांत लिहिला. बडबडगीतांत भागलं असतं, पण त्याने छंद सोडला नाही.