रनवे इन्कर्जन आणि रनवे एक्सकर्जन: धावपट्टी कडेला नाही, रेषेला सुरू होते

विमान पावसात घसरून गवतात गेलं की बातमीत कधीकधी ‘रनवे इन्कर्जन’ छापून येतं, खरं तर ते एक्सकर्जन असतं. परवानगीशिवाय एखादं विमान धावपट्टीवर शिरलं, म्हणजे खरंच इन्कर्जन झालं, तर ‘थोडक्यात बचावले’ एवढ्यावर विषय संपतो. या दोन घटनांची कारणंही वेगळी आहेत आणि उपायही, त्यामुळे ही सरमिसळ थांबायला हवी.

एक्सकर्जन बहुतेकांना माहीत असतं. उतरताना किंवा उड्डाणासाठी धावताना विमान धावपट्टीच्या बाजूने किंवा टोकावरून बाहेर जातं. ओली धावपट्टी, मागून येणारा वारा, चाकं उशिरा टेकणं ही नेहमीची कारणं. 2020 मध्ये कोझिकोडला असंच झालं. यासाठीच धावपट्टीच्या टोकापुढे 60 मीटरची पट्टी आणि मोठ्या धावपट्टीला तिच्यापुढे शक्यतो 240 मीटरचा मोकळा टप्पा ठेवतात. टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे ये-जा करायच्या रस्त्यावर, वळताना चाक चिखलात रुतलं, तर ते रनवे एक्सकर्जन नव्हे.

खरी गल्लत होते ती इन्कर्जनमध्ये. विमान, वाहन किंवा माणूस धावपट्टीच्या संरक्षित क्षेत्रात चुकीने असणं, एवढंच त्यासाठी पुरतं. टक्कर व्हायला नको, समोर दुसरं विमानही नको. आणि हे संरक्षित क्षेत्र धावपट्टीच्या कडेपाशी सुरू होत नाही. मोठ्या विमानांच्या, इन्स्ट्रुमेंट लँडिंगची (रेडिओ संकेतांच्या आधारे उतरण्याची) सोय असलेल्या धावपट्टीवर होल्डिंग पोझिशनची, म्हणजे परवानगी मिळेपर्यंत थांबायच्या जागेची, रेषा साधारणपणे मध्यरेषेपासून निदान 90 मीटरवर असते. धावपट्टी 45 मीटर रुंद धरली, तर कडा त्या रेषेपासून अजून 67.5 मीटर लांब. विमानाचं नाक परवानगीशिवाय रेषेपुढे गेलं की इन्कर्जन झालं, चाकं अजून टॅक्सीवेवरच असली तरी. ‘धावपट्टीला तर स्पर्शही केला नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच निरर्थक आहे. ते अंतर रिकामं ठेवतात ते बाजूला घसरू शकणाऱ्या विमानासाठी आणि लँडिंगचे रेडिओ संकेत बिघडू नयेत म्हणून.

रेषा ओळखायला सोपी आहे: चार पिवळ्या रेघा, दोन सलग आणि दोन तुटक. सलग रेघा आपल्या बाजूला असतील तर थांबायचं. तुटक आपल्या बाजूला असतील तर आपण धावपट्टीवरून बाहेर पडतोय, आणि तेव्हा शेपटीसकट अख्खं विमान रेषेपलीकडे गेल्याशिवाय धावपट्टी मोकळी झाली असं धरत नाहीत. शेजारी लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांत धावपट्टीचा क्रमांक असतो. आडव्या लाल दिव्यांची रांग, म्हणजे स्टॉप बार, पेटलेली असेल तर टॉवरने (विमानतळाच्या नियंत्रण कक्षाने) तोंडी परवानगी दिली तरी ओलांडायची नाही, आधी विचारायचं. कॉकपिटमधून नाकाखालची जमीन दिसत नाही, त्यामुळे रेषा समोर स्पष्ट दिसत असतानाच ब्रेक लावायला हवा.

चुका होतात त्या बहुधा शब्दांत आणि गृहीतकांत. ‘होल्डिंग पॉइंटपर्यंत टॅक्सी करा’, म्हणजे त्या रेषेपर्यंत जमिनीवरून विमान न्या, या सूचनेत आत शिरण्याची परवानगी नसते. ‘नंबर वन’ म्हणजे रांगेत पहिले, तेवढंच. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर तटरक्षक दलाच्या विमानाला ‘नंबर वन’ सांगून सी5 होल्डिंग पॉइंटपर्यंत जायला सांगितलं होतं. वैमानिकाने ते बरोबर परत म्हटलंही, तरी विमान आत गेलं आणि सुमारे 40 सेकंद धावपट्टीवर उभं राहिलं. उतरणारं एअरबस ए350 त्यावर आदळलं. प्रवासी विमानातले 379 जण बाहेर पडू शकले; तटरक्षक विमानातल्या सहापैकी पाच जण गेले. म्हणजे रीडबॅक (सूचना परत म्हणणं) अचूक असला तरी तेवढ्यावर विसंबता येत नाही.

माझा आग्रह असा: रेषेआधी दोन्ही वैमानिकांनी ‘प्रवेशाची परवानगी आहे’ हे धावपट्टीच्या क्रमांकासह मोठ्याने म्हणावं, दोन्ही बाजूंना पाहावं, आणि एकाला जरी शंका आली तरी थांबून विचारावं. रेषेजवळ येताना चेकलिस्ट वाचणं किंवा मान खाली घालून संगणकात मार्ग भरणं मला अजिबात मान्य नाही. ते काम विमान थांबलेलं असताना होऊ शकतं.

टॅक्सी करताना वाट चुकलीच, तर आपण कुठे आहोत त्यावर कृती ठरते. टॅक्सीवेवर असाल तर तिथेच थांबा आणि टॉवरला सांगा. पण आपण धावपट्टीवर उभे आहोत असं लक्षात आलं, तर टॉवरला कळवा आणि वेगळी सूचना नसेल तर सर्वांत जवळच्या टॅक्सीवेने लगेच बाहेर पडा.