बालकमान आणि घड्याळजीच्या मुलाचं नोबेल

चावीच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडून आत कधी पाहिलंय? आमच्या पेठेतल्या घड्याळजींनी मला ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा डोळ्याला भिंग लावून दिलं आणि बजावलं, "श्वास जपून सोडा, स्क्रू उडाला तर सापडायचा नाही." आत एक सोनेरी चाक झोके घेत होतं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. त्याच्या पोटाशी जिलबीसारखी वेटोळी घातलेली निळसर तार आखडत होती, पुन्हा सैल होत होती. छाती वरखाली व्हावी तशी. ही तार म्हणजे बालकमान. यातला बाल म्हणजे केस, पण तिची जाडी आपल्या केसाहूनही कमी असते.

स्विस घड्याळाचं कौतुक करताना लोक सोनं, हिरे आणि किंमत यांबद्दलच बोलतात. मला विचाराल तर सगळा खेळ या बालकमानीचा आहे.

चावी दिली की मोठी कमान आवळली जाते. ती मोकळी सोडली तर काही सेकंदांत भर्रकन उलगडून जाईल. म्हणून तिच्या वाटेत एक पहारेकरी बसवलेला असतो: छोटी दुहेरी तरफ. ती दात्यांच्या चाकाचा एका वेळी एकच दात पुढे जाऊ देते. टिकटिक ऐकू येते ती हीच अडवणूक. आणि या तरफेला ‘आता सोड’ असं सांगणारं झोकेबाज चाक चालतं बालकमानीच्या तालावर. भिंतीवरच्या घड्याळात लंबक जे काम करतो ते खिशातल्या घड्याळात या सर्पिल तारेनं करायचं, ही युक्ती ख्रिस्तिआन हायगेन्स या डच शास्त्रज्ञानं १६७५ साली मांडली.

आजच्या बऱ्याच चांगल्या स्विस घड्याळांत सेकंदाला आठ ठोके पडतात. म्हणजे तासाला २८,८०० आणि दिवसाला ६,९१,२००. स्वित्झर्लंडमधली अधिकृत क्रोनोमीटर (म्हणजे अचूकतेची खातरजमा झालेलं घड्याळ) चाचणी पंधरा दिवस चालते. यंत्र पाच वेगवेगळ्या स्थितींत ठेवून ८, २३ आणि ३८ अंश सेल्सिअसला तपासलं जातं. दिवसाला सरासरी चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे, एवढीच सूट. सोनाराच्या भाषेत सांगायचं तर किलोभर सोनं तोलताना सात शतांश ग्रॅमची चूक. तीही नुसत्या धातूच्या जोरावर, बॅटरी नाही की चिप नाही.

हे सगळं स्वित्झर्लंडमध्येच का रुजलं? त्याचं एक कारण धार्मिक आहे आणि थोडं गमतीचंही. सोळाव्या शतकात जिनिव्हावर जाँ कॅल्विन या कडक धर्मसुधारकाचा अंमल होता. दागदागिने म्हणजे चैन, आणि चैन म्हणजे पाप. शहरातल्या सोनारांचा धंदा बसला. त्याच सुमारास फ्रान्समधून छळाला कंटाळून प्रोटेस्टंट निर्वासित येत होते आणि त्यांच्यात घड्याळ बनवणारे कारागीर होते. घड्याळ उपयोगाचं, म्हणून ते चालायचं. सोनाराचा हात आणि घड्याळजीचं डोकं असं एकत्र आलं. १६०१ साली जिनिव्हात घड्याळजींचा संघही स्थापन झाला. चैनीवरच्या बंदीतून जगातली सगळ्यात चैनीची वस्तू जन्माला आली, याला काय म्हणावं!

दुसरं कारण बर्फ. ज्यूरा डोंगरात हिवाळा लांबलचक, शेती बंद, घरात बसून करायचं काय? शेतकरी घड्याळाचे सुटे भाग करू लागले. एका घरी फक्त स्क्रू, दुसऱ्या घरी फक्त काटे, तिसऱ्या घरी दात्यांची चाकं. मग कुणीतरी ते सगळं गोळा करून जुळवायचं. ला शो-द-फों हे तिथलं गाव १७९४ च्या आगीत जळालं आणि पुढे उतारावर समांतर रस्ते आखून पुन्हा वसवलं गेलं. घरांना खिडक्यांच्या रांगा, कारण बारीक कामाला उजेड हवा. शेजारच्या ल लोक्लसह या गावाला २००९ साली युनेस्कोनं जागतिक वारशाचा दर्जा दिला.

पण बालकमानीला तीन वैरी होते. घर्षण, गुरुत्वाकर्षण आणि तापमान.

घर्षणाचा बंदोबस्त लवकर झाला. न्यूटनचा मित्र असलेला स्विस गणिती निकोला फातिओ यानं भोक पाडलेल्या माणकात चाकाचा आस फिरवायची कल्पना लढवली आणि १७०४ साली लंडनमध्ये तिचं पेटंट घेतलं. माणिक कठीण आणि गुळगुळीत, त्यामुळे झीज जवळजवळ नाही. जुन्या घड्याळांच्या तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेलं असायचं ते यामुळे. आमच्याकडे ते वाचून "आत सतरा रत्नं आहेत" असं पाहुण्यांना सांगितलं जाई. १९०२ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नेय यानं भट्टीत माणिक बनवण्याची रीत जाहीर केली, तेव्हापासून ही रत्नं कवडीमोल झाली. पाहुण्यांना हे कुणी सांगत नसे.

गुरुत्वाकर्षणावर तोड काढली अब्राहम-लुई ब्रेगे यानं. जन्म नूशातेलचा, दुकान पॅरिसला. खिशातलं घड्याळ दिवसभर उभं राहतं. झोकेबाज चाकाचा तोल एका बाजूला किंचित ढळला असेल तर गुरुत्वाकर्षण त्याला सतत एकाच दिशेनं ओढत राहतं. ब्रेगेनं ते चाक, बालकमान आणि तरफ असा अख्खा संसार एका पिंजऱ्यात घातला आणि पिंजराच गोल फिरवला, सहसा मिनिटाला एक फेरी. चूक सगळ्या दिशांना वाटली जाते आणि एकमेकीला खोडून काढते. हे टूरबियाँ, पेटंट १८०१ चं. मनगटावरच्या घड्याळात त्याचा उपयोग फारसा नाही, हात आपोआपच दिशा बदलत असतो. तरीही तो ग्रॅमभराचाही नसलेला पिंजरा फिरताना पाहायला लोक लाखो रुपये मोजतात. मी पैसे देणार नाही, पण पाहायला मिळालं तर तासभर पाहीन.

तिसरा वैरी खरा चिवट. साध्या पोलादाची बालकमान गरम झाली की मऊ पडते. तिची लांबी वाढते हे खरं, पण मोठं नुकसान होतं ते लवचीकपणा कमी झाल्यानं. तापमान एका अंशानं वाढलं की घड्याळ दिवसाला दहा-अकरा सेकंद मागे पडतं. दिवसा खिशात ऊब, रात्री गार टेबलावर. मिनिटांचा घोटाळा ठरलेलाच.

ज्यूरातल्याच फ्लरिए गावात १८६१ साली एका घड्याळजीच्या घरी शार्ल-एदुआर गियोम जन्मला. तो भौतिकशास्त्र शिकला आणि पॅरिसजवळच्या सेव्र इथं आंतरराष्ट्रीय वजनमापांच्या संस्थेत लागला. तिथला प्रमाण मीटर प्लॅटिनम-इरिडियमचा होता, म्हणजे भलताच महाग. स्वस्त पर्याय शोधताना १८९६ साली गियोमला आढळलं की लोखंडात ३६ टक्के निकेल मिसळलं तर तो धातू तापवूनही जवळजवळ प्रसरण पावत नाही. याचं नाव इन्व्हार. गंमत त्याच्या चुंबकीय गुणात आहे: तापताना अणूंची कंपनं धातूला फुगवू पाहतात, त्याच वेळी चुंबकीय शिस्त ढिली पडते आणि धातू आक्रसू पाहतो. दोघांची बरोबरी होते.

घड्याळजीचा मुलगा मीटरपट्टीवर थांबेल कसा? त्यानं मिश्रणात क्रोमियमसारखे धातू घालून एलिन्व्हार तयार केला. याचा लवचीकपणाच तापमानाला बधत नाही. म्हणजे बालकमानीला हवा होता नेमका तोच गुण. निकेल-पोलादाच्या या कामासाठी गियोमला १९२० सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९१८ चं नोबेल प्लँकचं, १९२१ चं आइन्स्टाइनचं. त्या दोघांच्या मध्ये हा फ्लरिएचा माणूस बसला आहे, आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत त्याला जेमतेम एखादी ओळ मिळते.

भारताचाही या कथेत एक तुकडा आहे. इथे पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा खेळात फुटायच्या. त्यावर उपाय म्हणून १९३१ साली जेजर-लकूल्त्रचं रिव्हर्सो आलं. तबकडी आतल्या बाजूला वळवायची आणि पोलादी पाठ बाहेर करायची.

मग २५ डिसेंबर १९६९ उजाडला. टोकियोत सायको कंपनीनं क्वार्ट्झचं, म्हणजे बॅटरीच्या जोरावर थरथरणाऱ्या स्फटिकाच्या तालावर चालणारं, मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. महिन्याला पाच सेकंदांची चूक. आजच्या क्वार्ट्झ घड्याळात स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणून तो निवडलाय. आठ ठोक्यांच्या बालकमानीनं त्याच्यापुढे काय करावं? वास्तविक क्वार्ट्झ मनगटी घड्याळाचा नमुना नूशातेलच्या प्रयोगशाळेनं १९६७ सालीच बनवला होता, पण कारखाने रेंगाळले. १९७० साली स्विस घड्याळधंद्यात सुमारे ९०,००० माणसं होती, १९८० च्या दशकात ती ३०,००० च्या आसपास उरली.

ल लोक्लच्या झेनिथ कारखान्यात १९७५ च्या सुमारास अमेरिकी मालकांनी यांत्रिक घड्याळांची हत्यारं भंगारात काढायला सांगितली. शार्ल व्हर्मो या कामगारानं ती गुपचूप माळ्यावर नेऊन दडवली आणि कोणतं हत्यार कशाचं याच्या नोंदीही ठेवल्या. १९८० च्या दशकात मागणी परतली तेव्हा तो माळा उघडला.

मागणी परतली ती का, यावर बरंच लिहिलं जातं. वारसा, प्रतिष्ठा, जाहिराती, मुद्दाम ठेवलेली टंचाई, हे सगळं आहेच. २०२३ साली स्वित्झर्लंडनं सुमारे १.६९ कोटी घड्याळं निर्यात करून २६.७ अब्ज फ्रँक कमावले. निव्वळ कलाप्रेमावर एवढा गल्ला जमत नाही. पण व्हॅली द जू खोऱ्यातले कारागीर पोलादी पट्टीची कड जेन्शियन या डोंगरी झुडपाच्या वाळक्या काडीनं घासून चकचकीत करतात, आणि ती कड घड्याळाच्या पोटात गिऱ्हाइकाला कधी दिसतही नाही, हे कळलं की मीही विरघळतो.

अलीकडे काही बालकमानी सिलिकॉनच्या येतात. चुंबकाची भीती नाही, वजन नाममात्र. ज्या क्वार्ट्झनं घात केला तो सिलिकॉनचाच ऑक्साइड, हा योगायोग मला फार आवडतो.

आणि महिना तिसाचा की एकतिसाचा हे स्वतःच ओळखून तारीख बदलणारी ‘पर्पेच्युअल कॅलेंडर’ घड्याळं तर और. त्यांच्या आत चार वर्षांत एकच फेरी घेणारं चाक असतं. त्यावर ४८ महिन्यांच्या खाचा: एकतीसला खाच नाही, तीसला उथळ, फेब्रुवारीला खोल, आणि लीप वर्षाच्या फेब्रुवारीला जरा कमी खोल. पण चारशेनं भाग न जाणारं शतकवर्ष लीप नसतं, हे त्या चाकाला ठाऊक नाही. एखाददुसरा अपवाद सोडला तर ही सगळी घड्याळं सोमवारी, १ मार्च २१०० रोजी २९ फेब्रुवारी दाखवतील. नातवंडं-पतवंडं ती घेऊन घड्याळजीकडे धावतील. त्या दिवशी दुकानाला साप्ताहिक सुट्टी नसली म्हणजे मिळवलं.