जुनं डिझेल इंजिन, नवं ऑइल: शिडाच्या नौकांमधल्या एका वादाची पार्श्वभूमी

शिडाच्या नौकेतलं डिझेल इंजिन बहुतेक वेळ बंदच असतं. बंदरातून बाहेर पडताना, वारा पडला की किंवा बॅटरी चार्ज करायची झाली की तेवढ्यापुरतं ते चालू होतं. पर्किन्स ४-१०८, यानमारची जीएम मालिका, व्होल्वो पेंटाची जुनी एमडी इंजिनं अशी तीस-चाळीस वर्षांची यंत्रं युरोप-अमेरिकेतल्या धक्क्यांवर अजून धडधडताना दिसतात. त्यांच्या पुस्तिकेत सहसा ‘एपीआय सीसी’ किंवा ‘सीडी’ दर्जाचं ऑइल घाला असं छापलेलं असतं (एपीआय म्हणजे ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) आणि दुकानातल्या डब्यावर ‘सीके-४’, हा त्याच यादीतला बराच नंतरचा दर्जा. हे चालेल का, वरून अॅडिटिव्हची, म्हणजे ऑइलचे गुण वाढवणाऱ्या रसायनाची, एखादी बाटली ओतावी का, हा वाद तिथून सुरू होतो.

त्याचं मूळ १९३० च्या दशकात आहे. कॅटरपिलरच्या नव्या, वेगवान डिझेल इंजिनांत साध्या खनिज तेलाची राळ होऊन पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटून बसायच्या. उपाय म्हणून तेलात धातूंचे साबण मिसळले गेले आणि घाण धुऊन ती तेलातच तरंगत ठेवणारं ‘डिटर्जंट’ ऑइल आलं. डिझेलचं ऑइल बदलल्यावर लगेच काळं पडतं, ते त्यामुळेच. ते आपलं काम करतंय एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या दशकात जस्त आणि फॉस्फरसचं झीज रोखणारं संयुग, झेडडीडीपी, रुळलं. म्हणजे अॅडिटिव्ह ही वरून घालायची वस्तू उरली नाही, ती डब्यातच मिसळून येऊ लागली.

ऑइलच्या दर्जांची पुढची सगळी शिडी ट्रकसाठी रचली गेली. ज्याला नंतर सीडी म्हणू लागले तो दर्जा १९५५ चा. सीएफ-४ १९९० मध्ये, सीएच-४ १९९८ मध्ये, सीआय-४ २००२ मध्ये, सीजे-४ २००६ मध्ये, सीके-४ २०१६ च्या शेवटी. प्रत्येक पायरीमागे बहुधा अमेरिकेतला धुराचा एखादा नवा नियम होता. धुराचा काही भाग पुन्हा सिलिंडरमध्ये फिरवायला लागल्यावर ऑइलमध्ये काजळी वाढली. एक्झॉस्टमध्ये काजळीची गाळणी बसली तेव्हा ती ऑइल जळून उरणाऱ्या राखेने तुंबू नये म्हणून सीजे-४ मध्ये राखेवर १ टक्क्याची आणि फॉस्फरसवर ०.१२ टक्क्याची मर्यादा आली. नौकेतल्या जुन्या इंजिनाला ना गाळणी, ना ही राख अडचणीची.

‘फॉस्फरस कमी केला, आता इंजिन झिजणार’ ही ओरड त्यातूनच आली. ती मुळात जुन्या पेट्रोल गाड्यांच्या शौकिनांची. पेट्रोलच्या नेहमीच्या पातळ ग्रेडमध्ये ही मर्यादा ०.०८ टक्क्यापर्यंत खाली आली आहे. त्यापुढे डिझेलच्या डब्यातलं प्रमाण आजही भरपूर आहे.

दुसरी भीती आम्लाची, आणि तिला एके काळी आधार होता. इंधनातला गंधक जळून गंधकाम्ल बनतं, ते मारायला ऑइलमध्ये अल्कली राखून ठेवावी लागते. १९९४ चा सीएफ दर्जा तर अर्ध्या टक्क्याहून जास्त गंधकाचं इंधनही गृहीत धरून ठरवलेला. आता युरोपात २०११ पासून करमणुकीच्या नौकांनाही १० पीपीएमचं, म्हणजे दहा लाखांत जेमतेम दहा भाग गंधकाचं, डिझेल मिळतं. भारतात एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून पंपावर तेच. आम्लाचा तो मोठा स्रोत जवळपास आटला आहे.

राहिला तो गारठा. समुद्राचं पाणी थेट आत खेळवणारी जुनी इंजिनं मीठ साचू नये म्हणून साधारण ६० अंशांच्या आतच ठेवली जातात. अशा इंजिनाला अर्धा तास बिनलोडचं चालवलं की ऑइलमधलं पाणी वाफ होऊन उडतच नाही, आणि रिंगांवर दाब न आल्याने सिलिंडरच्या भिंतीवर काचेसारखा थर बसतो. मग ते ऑइल खाऊ लागतं. काही जुने मेकॅनिक याचा दोष ‘फार चांगल्या’ ऑइलला देतात आणि मुद्दाम हलक्या दर्जाचं मागतात. मला त्यात तथ्य कमी वाटतं. रोग कमी लोडचा आहे, डबा बदलून तो जाणार नाही. पुस्तिकेत बसत असेल तर १५डब्ल्यू-४० दाटपणाचं खनिज ऑइल, सीएच-४ किंवा सीआय-४ दर्जाचं, पुरे. ते बदलायचं मात्र नौका उभी करण्याआधी. मुंबईत पावसाळ्याचे महिने जुन्या, आंबट ऑइलमध्ये बेअरिंगं बुडवून ठेवण्यात काय शहाणपण? घर्षण कमी करण्याचा दावा करणारी बाटली वरून ओतायला कारण दिसत नाही. तयार मिश्रणाचा तोल तेवढा बिघडू शकतो.

इंधनाची गोष्ट वेगळी. स्वीडनमध्ये १९९० च्या सुमारास जवळपास गंधकविरहित डिझेल आलं आणि फ्युएल पंप निकामी होऊ लागले. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणपणाही निघून जात होता. तेव्हापासून रिफायनरीच तो परत घालते, आणि युरोपच्या मानकात त्याची चाचणीही आली: झिजेचा व्रण ४६० मायक्रॉनच्या आत हवा. त्यामुळे वंगणपणाची बाटली आता बहुतांशी समाधानापुरती. एक बाटली मात्र मी डब्याशेजारी ठेवेन, जंतुनाशकाची. अर्ध्या टाकीत दमट हवेचं पाणी ठिबकतं, बायोडिझेल मिसळलेलं असेल तर ते आणखी पाणी धरतं, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर बुरशी-जिवाणूंचा काळा चिकट गाळ वाढतो. लाटांवर नौका डोलली की तो सुटतो आणि फिल्टर तुंबतो, तेही नेमकं बंदराच्या तोंडाशी. आधी टाकीच्या तळचं पाणी काढायचं, मग औषध.